अकरा अक्षरं, एक कमी

पापाच्या तिकटीवरनं जमीर मुल्लाणी आला
सिमेंटच्या पोत्यात वडलांचा बोर्ड घालून.
पितळेची इंग्रजी अक्षरं, एकेक वीतभर,
ब्याऐंशी साली मीच ठोकलेली:
स्टार टेलर्स.

"मोडीत घालणार होतो," म्हणाला, "पण भंगारवाला
लईच खाली बोलालाय. तुम्ही बघा की काका,
ह्यातनंच कुठलं नवं नाव निघतंय का.
उद्यमनगरात गाळा घेतलाय, बॅटरीचा, सेल्फचा.
नवी अक्षरं परवडत न्हाईत."

शटर अर्धं ओढून मी टेबलावर मांडली.
दोन एस, दोन टी, दोन ए, दोन आर,
एक आय, एक ओ.
दहाच.
एल फार वर्षांपूर्वी एका वळवात गळाला होता.
तेव्हापासनं पोरं बोर्डावरचं 'ताई' वाचायची
आणि दस्तगीर मास्तरांना तोंडावर ताई म्हणायची.
मास्तर दातानं दोरा तोडत हसायचे.
नवा एल लावतो म्हटलं तर,
"असू दे. ज्याला शिवायचंय
त्याला वाचता येतंय."

मराठीत हा खेळ मला जमला नसता.
मराठीत काना सुटा निघत नाही,
आपल्या अक्षराचं बोट धरून असतो.
वेलांटी उचलायला जावं
तर खालचं अक्षरही उठून येतं.
इंग्रजीत ए वेगळा, आय वेगळा,
ज्याचं त्याचं बिऱ्हाड,
कुणाच्याही शेजारी बसवा, कुरकुर नाही.

पोरीची शाळेतली डिक्शनरी काढली, पुठ्ठा गेलेली.
रॅट निघाला. बॅटरीच्या दुकानाला उंदीर कशाला?
आर्ट. टोस्ट. रोस्ट.
स्टेअर्स, म्हणजे जिना, आणि गाळा तर तळमजल्यावर.
रायट जुळला तो लगेच मोडून टाकला,
मास्तरांच्या अक्षरांत दंगल नको.
मधेच रोटी झाली. ती काही इंग्रजी नव्हे,
तरी चहा होईपर्यंत तशीच राहू दिली.

एलवाचून किती अडतं ते तेव्हा कळलं.
सॉल्ट होईना. टॉइल होईना.
लास्ट होईना.
टेलर तर नाहीच नाही.

साडेबाराला दिसलं, तेही शोधून नव्हे,
अक्षरं मूळ जागी परत लावताना.
स्टार आणि टेलर्सच्या मधे
मीच सोडली होती चार बोटं जागा.
तेवढी बुजवली,
पलीकडचा टी अलीकडं ओढला:
स्टार्ट.

"नाद खुळा!" जमीर सकाळी म्हणाला,
आणि खिशातनं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं.
"अब्बांच्या खणात घावलं. काय असंल?"

एल.
कडा झिजून गुळगुळीत,
आतल्या कोपऱ्यात निळ्या खडूची पूड.
गळाला त्याच दिवशी मास्तरांनी उचलला असणार.
मग इतकी वर्षं
अख्ख्या पेठेच्या खिशांचे काटकोन
त्यांनी ह्यानंच आखले.

माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडं गेला.
कॉलर विरलीय, कोपरा अजून सरळ.

एल जमीरनं परत घेतला.
"ह्यो ऱ्हाऊ दे माझ्याकडं."
पाच अक्षरं पोत्यात टाकून, किक मारून गेला.

पाच उरली. ए, आय, ओ, आर, एस.
बिस्किटाच्या डब्यात टाकताना मनात
सवयीनं जुळवत गेलो.
एल असता तर सेलर झाला असता.
विकणारा नव्हे, दुसरा, खलाशी.

आमच्या गावाला समुद्र नाही.
आहे तो गगनबावड्याचा घाट उतरून पलीकडं,
मास्तरांनी कधी बघितला होता की नाही,
विचारायचं राहूनच गेलं.
डबा हलवला की आत पितळ वाजतं.
पाचच वाजतात.