खिळे

डंडी शहरात, एकोणीसशे सालच्या मार्चमध्ये
मी छापखान्यात खिळे जुळवायचे.
आठवड्याला अकरा शिलिंग,
त्याच कामाचे पुरुषांना बत्तीस.
शिशाचं अक्षर उलटं असतं आणि ओळ डोक्यावर उभी.
सहा वर्षांत सुलटं वाचण्याची सवयच गेली होती माझी.

गुरुवारी रेव्हरंड ऑख्टरलोनींची कविता आली.
निळा कागद, मोत्यासारखं अक्षर.
सूर्य, ध्वज, सात समुद्र,
आणि देवानं आपल्या पदरात घातलेली
दूरदेशीची पोरकी लेकरं.
खरं सांगते, काय घडवली होती!
एक मात्रा ढळत नव्हती,
यमक दाराला कडी बसावी तसं.
जुळवताना माझी मान डोलली. डोलली, नाकारत नाही.

पाचव्या कडव्यात थोरलं ई संपलं.
साम्राज्यच इतक्यांदा आलं होतं
की पेटीतला खण रिकामा.
शेजारी आफ्रिकेतून आलेली मेलेल्यांची यादी
दोऱ्यानं बांधून तयार होती.
तिच्यातून तीन थोरली ई उपटली,
जागी धाकटी बसवली.
कोण बघतंय.

शनिवारी बेथिया कारगिल आली,
तागाच्या गिरणीतली, मागाच्या आवाजानं बहिरी,
म्हणून ओरडून बोलणारी.
यादीवर बोट ठेवलं :
"माझ्या एडविनचं नाव
धाकट्या अक्षरानं का?"

मी ओठ हलवले. काहीच म्हणाले नाही, नुसते हलवले.
तिला ओठ वाचता यायचे.

मग तिनं गोण्यांच्या पावतीमागे लिहिलेलं काढलं.
गोण्या मी शिवल्या, तिनं लिहिलं होतं,
त्यांत वाळू भरून तू आडोसा केलास,
तरी गोळी आलीच.
आणि बंगालात कमरेइतक्या पाण्यात
ताग सोलत जी उभी आहे
तिला कुणी विचारलं का,
बाई, तू पोरकी आहेस का?

संपादक म्हणाले, छंद लंगडतो.
लंगडत होताच.
रात्री मी चार ओळी सरळ करून पाहिल्या.
सरळ झाल्या, आणि मेल्या.
पुन्हा होत्या तशा मोडल्या.

सोमवारी रेव्हरंडांचा मजकूर सोडवून
खिळे खणाखणात परत टाकले.
खिळ्याला काय,
तसबिरीलाही ठोकतात, शवपेटीलाही.
त्यांतूनच बेथियाची कविता जुळवली,
पायाच्या यंत्रावर वीस प्रती काढल्या, शाई छापखान्याची,
म्हणजे चोरीची.

रेव्हरंडांची कविता त्या वर्षी
शाळेशाळेत पोरांनी पाठ म्हटली. अजून मलाही येते,
झोपेतून उठवलंत तरी.
बेथियाची येत नाही.
कागद काढून वाचावी लागते.
त्यात थोरलं ई एकदाच आहे, एडविनच्या आरंभी,
ओळीपेक्षा केसभर वर आलेलं.
घाईत मीच ते नीट दाबलं नव्हतं.