कळ

हेल्वेचा डावा हात जानेवारीत गेला.
म्हणजे आहे, मांडीवर असतो,
लोकरीच्या हातमोज्यासारखा, आत कुणी नसलेला.
उजव्याने ती बटाटे सोलते, बर्फ लोटते,
आणि तार्तूच्या संग्रहालयासाठी
जुन्या फिती ऐकून टाइप करते:
बेटावरच्या बायकांचं बोलणं,
मेंढ्या, मीठ, न परतलेली एक होडी.

मी वरच्या मजल्यावरचा राइगो.
लाकडाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो,
एवढ्या भांडवलावर तिने मला हाक मारली.

तक्रार अशी.
एका हाताने दोन कळा एकदम दाबता येत नाहीत,
म्हणून कुणीतरी तिला सोय करून दिली होती:
पहिली दाबा, सोडा,
ती दुसरीची वाट बघत राहील,
बूट न काढता दारात उभ्या पाहुणीसारखी.
हेल्वे खिडकीच्या चित्राची कळ दाबते,
शोधायची चौकट उघडते,
आपल्या गावाचं नाव लिहायला घेते, प्यूहालेपा.
पहिलंच अक्षर पी.
दारातली पाहुणी त्याचा हात धरते
आणि स्क्रीन काळी.
मशीनला वाटतं, बाईंना दुसरा पडदा हवाय,
सभागृहातला, भिंतभर.
बाईंच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे, तेही मासळीवाल्याचं.

"मग काय केलंत इतके दिवस?"
"पी सोडून दिला."

अकरा महिने ती आपल्या गावाला
यूहालेपा म्हणत होती.

सेटिंग उघडलं. शंभरेक शॉर्टकट,
आवाज वाढवा, खिडकी मिटवा, चित्र टिपा,
सगळे हवे तसे वळणारे.
हा नाही. हा यादीतच नाही.
काळ्या दगडावरची रेघ,
आणि दगड कुठे पुरलाय ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मूळ कोड उतरवला. बाहेर उणे सतरा,
एमायोगी गोठलेली, तिच्यावरून कुणाचा तरी कुत्रा चालत गेला.
तिसऱ्या रात्री फाईल सापडली.
एकच ओळ, तिच्या डोक्यावर कुणाची तरी टीप:
तात्पुरतं. नंतर यादीत घालू.
तारीख बारा वर्षांपूर्वीची.
रागवायला गेलो, जमलं नाही.
माझ्या न्हाणीघरातला तात्पुरता बल्बही
त्याच सुमाराचा आहे.

ओळ पुसली नाही मी.
काळी स्क्रीनही कुणाला तरी लागत असेल.
ती उचलून तीन कळांच्या पलीकडे ठेवली,
जिथे चुकून हात पोचत नाही.
म्हटलं, जरा कळ काढा,
जुना लॅपटॉप आहे, चाळीस मिनिटं लागतील.

पंखा घोंघावत होता. ती मांडीवरचा हात चोळत होती.
"दुखतो?"
"एरवी नाही. मधूनच एक कळ येते.
बरं वाटतं. आत कुणीतरी आहे अजून."

झालं. लिहा, म्हटलं.
तिने लिहिलं, यूहालेपा.
दोघंही बघत राहिलो.
"पुन्हा."
पुन्हा यूहालेपा.
दगड फोडला होता, रेघ बोटात निघाली.
तिसऱ्यांदा तिने बोट पीवर धरलं,
तवा तापलाय का बघावं तसं,
आणि टेकवलं.

काही झालं नाही.
नुसता एक पी, चौकटीत उभा.
ती उठून कॉफी ठेवायला गेली
आणि बराच वेळ आली नाही.

मार्चमध्ये अपडेट आलं, ओळ परत जागेवर.
मी परत हलवली. एप्रिलमध्ये परत.
जिन्यात भेटली की ती आता कसा आहेस विचारत नाही,
"आलं का?" म्हणते,
आणि मी मान हलवतो, होय किंवा नाही.

फितींच्या डब्यांवर मात्र मार्करने
जुनंच नाव आहे, फाईलींना जुळणारं.
अकरा डबे, एकावरही पी नाही.
नवीन चिठ्ठ्या छापून देतो म्हणालो.
"राहू दे," म्हणाली,
"आतल्या बायकांना कळेल."