ऐंशीचा उंबरा

जुनी बॅटरी फुगली ते मला कळलंच नाही.
टचपॅड वर आलं, तेलातल्या पुरीसारखं,
मी म्हटलं वडगावची दमट हवा असेल.
तीन वर्षं चार्जर लावलेला, रात्रंदिवस,
काढायचाही असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

गणपत गल्लीत सिद्राम मुचंडीनं झाकण उघडलं,
ती चंदेरी पिशवी दोन बोटांत धरली
आणि दुकानाबाहेर वाळूच्या डब्यात ठेवून आला.
"अक्का, शंभर पाजून पाजून मारलासा की हिला."
पुढं कानडीत स्वतःशीच काहीतरी.
त्यातलं एकच मला कळलं: साकु.

माझ्याकडं विंडोज नाही.
भाच्यानं पुसून लिनक्स घातलं,
जुन्या यंत्राला हेच झेपतंय म्हणाला,
आणि पुण्याला गेला.
बॅटरी राखायचं बटण इतरांच्या पडद्यावर असतं म्हणे.
माझ्याकडं एक काळी खिडकी,
तिच्यात लुकलुकणारी उभी काडी.

सिद्रामनं बिलामागं लिहून दिलं,
कुठल्या फोल्डरच्या पोटात कुठलं फोल्डर,
मग बॅट झिरो, मग एक फाईल,
तिच्या लांबलचक नावात शेवटी थ्रेशोल्ड.
"म्हंजे होस्तिलु."
"उंबरा की," मी म्हटलं.
"तेच ते. करंट ऐंशीपर्यंत येतंय,
चपला काढून भाईर उभारतंय."

घरी येऊन लिहिलं. पासवर्ड विचारला, दिला.
काही झालं नाही.
हे यंत्र हो म्हणत नाही, चुकलं तरच बोलतं,
माझ्या थोरल्या जावेसारखं.
अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. ऐंशी.
आणि ऐंशीच.
वायर लावलेली, दिवा पेटलेला,
आत येणं तेवढं बंद.
साडीचा काठ काढायचा सोडून
मी अर्धा तास तो आकडा बघत बसले.

टक्क्यांची सवय आहे म्हणा या गावाला.
परवाच एकजण पट्टी घेऊन
माझ्या दुकानाची पाटी मोजून गेला,
त्यांची अक्षरं किती, आमची किती.

दुसऱ्या दिवशी यंत्र चालू केलं,
आंघोळ करून येते तर शंभर.
फोनवर सिद्राम हसला.
"ती फाईल डिस्कवर नसतीयाच अक्का.
मिशिन जागं हाय तवर हाय.
बंद केलं की इसरलं.
एक सर्व्हिस लिवून देतो, रोज आपोआप सांगंल."
मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस.

मग रोज चहाच्या आधी, ऐंशी.
आधी बिलाचा कागद बघून,
पुढं पुढं बोटांनाच पाठ.
बाजूला नवऱ्याचे दोन माग,
त्यांना तेल घालायची वेळही तीच.

मार्गशीर्षात जांबोटीला बारसं निघालं.
तिथं वीज गेली की दोन दिवस नाही,
आणि शुक्रवारी शहापूरच्या व्यापाऱ्याला
रुईफुलांचा काठ हवा होता.
निघायच्या आदल्या रात्री मी शंभर लिहिलं.
उपासाच्या दिवशी चोरून खाल्ल्यागत वाटलं.
एक्याऐंशी, ब्याऐंशी,
सत्त्याण्णवला झोप लागली.

पाळण्याच्या खोलीत बायका, मी माडीवर.
पडद्याचा उजेड अगदी कमी करून
चौकटी भरत होते, एक एक.
शेवटचं फूल बसलं तेव्हा सहा टक्के उरले होते.
खाली कुणीतरी नाव ठेवलं,
ते मला दोनदा विचारावं लागलं.

परत आले आणि पहिल्यांदा ऐंशी.

पुढच्या आठवड्यात सिद्राम पोरीला शाळेत सोडून आला,
उभ्या उभ्या सर्व्हिस लिहिली,
चहा अर्धा कप घेतला.
"साकु," मी अजून ओतायला गेले तेव्हा.

आता न सांगता सगळं होतं.
तरी सकाळी बोटं जातात,
तीच ओळ, तोच आकडा,
ऐंशी असलेल्या जागी ऐंशी.
यंत्र काही बोलत नाही.
म्हणजे चुकलेलं नसावं.