तीनशे केबी

लॅमिंग्टन रोडला जिन्याखालच्या गाळ्यात
मी फोनच्या पोटातून कंपनी काढते.
म्हणजे नेमकं काय, ते हरेश्वर तांडेलांना
बिलाच्या पाठीवर लिहून दिलं होतं:
फोन जुनाच, यंत्रणा नवी, सगळ्यांना उघडी.
तुम्ही कुठे गेलात, कुणाला सांगणार नाही.
गोदीतल्या रंगाने निळी झालेली बोटं
ओळीखालून सावकाश सरकली.
मग त्यांनी खाली लिहिलं,
"बहिणीचे व्हिडिओ येतील ना?"
येतील, लिहिलं मी.
चुकलंच माझं.

बहीण जयवंती, अर्नाळ्याला.
दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही,
दोघंही हातांनी बोलतात,
आणि ती साध्या मेसेजच्या पेटीतूनच बोलते,
दुसरं ॲप शिकणार नाही म्हणते.

नव्या मेसेजचा नियम कागदावर सगळ्यांना सारखा.
पण दारावरचा फोनला विचारतो, तू कुणाचा?
आमचा फोन खरं सांगतो: कुणाचाच नाही.
दार धाडकन बंद झालं असतं तरी चाललं असतं.
तसं होत नाही.
"जोडत आहे" लिहून येतं
आणि एक गोल फिरत राहतो,
सकाळी चहा येईपर्यंत फिरत राहतो.

उरला जुना रस्ता, एमएमएस.
त्याला तीनशे केबीच्या वर ओझं पेलवत नाही.
अर्नाळ्याहून निघालेली जयवंती
वाटेत कापली जाते, चेपली जाते,
पोचते तेव्हा दहा बोटांची
दोन मडकी झालेली असतात.
तांडेल स्क्रीन माझ्यापुढे धरतात.
मी हात हवेत पुसल्यासारखा फिरवते: धूसर.
ते मान डोलावतात, जसं काही
धूसर असणं हा माझा शोध आहे.

शेवटी तिच्या पुतण्याकडून
अख्खी फाइल मागवली, न चेपता.
आली. पण नव्या धाटणीत बांधलेली,
आणि ती गाठ सोडवणारी चिपची किल्ली
कंपनी जाताना घेऊन गेलेली.
मग बिचाऱ्या प्रोसेसरने हातानेच सोडवायला घेतली,
एकेक चित्र,
एकही गाळायचं नाही, असं मीच बजावलेलं.
वीस सेकंदांना चार मिनिटं.
फोन भट्टीतल्या पावासारखा गरम.

तांडेल आधी हसले.
भराभर बोलणारी बाई, म्हणाले हातांनी,
लग्नात पण हिला कुणी थांबवू शकलं नव्हतं.
आता तिचा तळहात
भरतीच्या पाण्यासारखा इंच इंच वर येत होता.
"मी" झालं. "बरी" सुरू झालं.
उजवा हात म्हणत होता बरी, बरी,
डाव्याची करंगळी वळतच नव्हती,
मनगट पदराआड जाऊन
पुन्हा बाहेर यायला घाबरत होतं.

त्यांनी व्हिडिओ मागे नेला.
पुन्हा.
मग बिलाच्या पाठीवर दोनच शब्द: "डावा हात".
आणि गेले, छत्री इथेच टाकून.

गुरुवारी किल्ली सापडली.
कुणीतरी, कुठल्यातरी देशात, रात्री जागून
त्याच चिपसाठी चारशे ओळी लिहून
सगळ्यांसाठी ठेवून दिल्या होत्या.
नाव नव्हतं. आभार कुणाचे मानायचे?
मी त्या बसवल्या, तपासल्या,
वीस सेकंदांना वीस सेकंद.

सोमवारी तांडेल आले.
हाड मोडलं होतं. ओट्यावरून पडली,
तीन आठवडे दडवलं, आता प्लास्टर.
भयंकर चिडलीय, म्हणाले, विचारते चुगली कुणी केली.
मी फोनकडे बोट दाखवलं.
त्यांनी व्हिडिओ लावला. धावला.
बघून झाल्यावर लिहिलं,
"छान. पण ते हळूवालं काढू नका.
कुठेतरी बटण ठेवा."

पैसे मी घेतले नाहीत.
त्यांनी काउंटरवर सुक्या बोंबलांचं पुडकं ठेवलं,
आणि शेजारच्या चार्जरवाल्या शहाने
दोन दिवस आपला पंखा
आमच्या दिशेने फिरवून ठेवला.