वस्तीची गाडी

पावणेदहाला गाडी बंदरावर थांबायची.
पुढं रस्ताच नव्हता, खाडी होती.
ड्रायव्हर बिराजदार टपावर झोपायचा, मी मागच्या लांब सीटवर,
तिकिटांची पेटी उशाला.
माणदेशात पोसलेला माझा घसा,
त्याला ती खारी, ओलसर हवा मानवली नाही.
खोकला लागला तो असा,
जुन्या इंजिनानं घाटात धरावा तसा.

दुसऱ्या रात्री कुणी पत्र्यावर थापा मारल्या.
शेवंती मोंडकर. बंदरावरच्या टपरीची मालकीण,
एका हातात बॅटरी, दुसऱ्यात वाफाळता पेला.
"मास्तर, खोकतास तुमी, नि झोप आमची मोडता.
ह्या घेवा."

अडुळसा, सुंठ, चार मिरी, गूळ नावापुरता.
जीभ आत ओढली गेली. म्हटलं, बाई, विष आहे का?
"विष गोड असता," ती म्हणाली
आणि पेला रिकामा होईस्तोवर हलली नाही.

बाग अशी तिची नव्हतीच.
एक फुटकी होडी होती, काठोकाठ मातीनं भरलेली.
नाळेपाशी पानओवा, मधे आंबेहळद,
वल्ह्याच्या खाचेतून बाहेर झुकलेला गवती चहा.
क्लच दाबून सुजलेल्या बिराजदारच्या गुडघ्याला
तिनं निगडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला.
पहाटे साडेपाचच्या फेरीला
आमच्या दोघांच्या तोंडाला त्या पातीचा वास असायचा,
आणि मासळीच्या पाट्या चढवणाऱ्या बायका हसायच्या.

मग एका रात्री अंग तापलं,
आणि रुमालात एक तांबडी रेघ.
तिनं बॅटरी जवळ धरून पाहिली.
स्टोव्ह पेटवला नाही.
"ह्या पाल्याचा काम न्हय. फाटफटी दवाखान्यात जावा."
मी म्हटलं, आजच्यापुरता तरी काढा द्या.
"नाय."
मग होडीकडं बघत, तिलाच सांगितल्यासारखं:
"घोवाक वरीसभर ह्योच दिलंय मी.
बरा वाटता, बरा वाटता, म्हणत रवलो."

सहा महिने गोळ्या. सरकारी, फुकट.
लघवी तांबडी व्हायची, पोटात ढवळायचं,
तेव्हा ती कोकमाचं आगळ पाण्यात घालून द्यायची
आणि गोळी गिळल्याचं तोंड उघडून दाखवायला लावायची.

बदली झाली तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून
गवती चहाचा एक गड्डा दिला तिनं.
आटपाडीपर्यंत तो माझ्या मांडीवर बसून आला,
बिनतिकीट.

आता डेपोत, गाड्या धुतात त्या रॅम्पमागं
त्याचं बेट झालंय. पात अजून बोट कापते.
येता-जाता कुणीही तोडतं, किटलीत टाकतं.
परवा नवा पोरगा आला, सारखा खोकत होता.
चहा उकळला, वास सुटला, पेला भरला.
पुढं करण्याआधी
मी विचारलं,
किती दिवस झाले रे?