पोच

परसोडीत तिसऱ्या मजल्यावर, रात्री दहा ते सहा,
मी एकशे चौऱ्याऐंशी यंत्रांचं बोलणं ऐकत बसते.
बोलणं म्हणजे काय, ओळी.
काटोल: पासवर्ड चुकला. काटोल: पासवर्ड बरोबर.
सावनेर: प्रिंटरमध्ये कागद नाही.
मौदा: सगळं ठीक. मौदा: सगळं ठीक. मौदा: सगळं ठीक.
पतसंस्थेच्या एकेका शाखेत
एकेक बारका प्रोग्राम बसवलाय, चहालाही न उठणारा,
दिसेल ते उचलतो आणि नागपूरला धाडतो, माझ्याकडे.
म्हणजे सर्व्हरकडे. मी आपली त्याच्या शेजारी.

पूर्वी नुसतं फेकायचे.
ओळ निघाली की निघाली.
वाटेत सांडली तर पाठवणाऱ्याला पत्ता नाही,
आणि घेणाऱ्याला, ती होती हेच ठाऊक नाही.
निकेश उईकेने ते बदललं.
आता प्रत्येक गठ्ठ्याला पोच लागते.
इकडून ‘मिळालं’ जात नाही तोवर
तिकडचं यंत्र ओळ पुसत नाही,
उराशी धरून बसतं.
“तुझ्या आईसारखं,” निकेश म्हणाला.
हिंगण्याहून मी निघाले की आईचे तीन मिस्ड कॉल,
आणि माझं ‘हो’ तासाभराने.
इतकं शिकली पण पोच नाही पोरीला, असं तिचं म्हणणं.

मे महिना. दिवसा सेहेचाळीस,
रात्री कूलरमधलं पाणीसुद्धा कोमट.
साडेअकराला भिवापूर गप्प झालं.
उमरेड रोडवर कुणी जेसीबी लावला होता, केबल गेली.
पडद्यावर काही लाल झालं नाही.
ओरडणाऱ्यांसाठी आमच्याकडे सत्तावीस नियम,
गप्प बसणाऱ्यांसाठी एकही नव्हता.
मला कळलं दीडला,
तेही यादी सरकवताना बोट अडलं म्हणून.
शाखाधिकाऱ्यांचा फोन बंद.
मी नोंद केली. डबा खाल्ला.

पाच बावन्नला केबल जोडली गेली
आणि भिवापूर बोलायला लागलं:
चार हजार तीनशे अठरा ओळी, रांगेत, एक न गाळता,
प्रत्येकीच्या कपाळावर दोन घड्याळं,
एक घडल्याचं, एक आम्हाला कळल्याचं.
बारा चाळीस, खोलीतला एसी बंद.
यंत्र एकाहत्तर अंश. अठ्ठ्याहत्तर.
दोन सव्वीस, एकोणनव्वद.
नव्वदला ते स्वतःच मालवून घेतं.
दोन एकतीस, चौऱ्याऐंशी.
दोन चाळीस, अडुसष्ट.
मध्ये काही नाही.
मी वर गेले, खाली आले, पुन्हा वर.
एकोणनव्वद आणि चौऱ्याऐंशीच्या मध्ये
कुणीही काहीही केलेलं नव्हतं.

शाखेत फोन लावला. उचलला पहारेकऱ्याने, डोमाजी नन्नावरे.
“तापून राहिली होती ना जी मशीन,
कवाची टूंटूं करत होती.
माहा टेबलफॅन फिरवला तिच्याकडं.
मी बसलो भायेर पायरीवर. गार होतं तसं.”
गार नव्हतं.
रात्री दोनला बाहेर चौतीस होतं,
तोही आकडा येतो माझ्याकडे.
काका, कुठे लिहून ठेवलंत का, मी विचारलं.
“काय लिवाचं त्यात,” म्हणाले, आणि हसले.

नव्वद दिवसांनी आम्ही ओळी पुसतो, जागा पुरत नाही.
ऑगस्टात ती रात्र गेली,
एकोणनव्वदही गेलं, अडुसष्टही.
निकेशने अठ्ठाविसावा नियम लिहिला:
दहा मिनिटं गप्प, तर लाल.
तो चांगला चालतो. परवा रामटेकसाठी वाजला.

त्या सकाळी फोन ठेवताना मी
“बरं, ठेवते” एवढंच म्हटलं.
भिवापूरहून एक ओळ आली होती
आणि इकडून काही गेलं नाही.
म्हणजे नियमाने पाहिलं तर
ती तिकडे अजून पुसलेली नसणार.