शनिवारचा नमुना

रात्री नऊला लाट येते.
हिल्का राउतवुओरीला घड्याळ लागत नाही.
आधी पाइपात घरघर,
मग जाळीपाशी फेस,
मग वास,
चोवीस हजार माणसांच्या न्हाणीघरांचा,
एका श्वासात.

ऑक्टोबर आहे. फिनलंडातलं तळ्याकाठचं गाव.
सगळ्या सौना तापल्यात.
भूर्जाच्या डहाळ्यांनी पाठी झोडून
लालबुंद माणसं बाहेर येतात,
डोक्याला शाम्पू, त्यावर कंडिशनर,
टाचांना मलम, गालांना क्रीम,
मग हात धुऊन मोकळी.
धुतल्या तांदळासारखं गाव झोपी जातं.

तांदळाचं धुवण इथे येतं.

हिल्का काठीला बांधलेली बाटली खाली सोडते.
काचेची. झाकणाला आतून चांदीचा कागद.
पाळीच्या दिवशी ती स्वतः काही लावत नाही,
हातांनाही नाही, नमुना बिघडतो.
बोटांना भेगा पडल्यात.

टाकीतले जिवाणू तसे आधाशी.
मूत, मळ, उष्टं दूध, साबण,
सगळं गट्टम.
कस्तुरी वाढली की मात्र
रुसलेल्या व्याह्यासारखे हात आखडतात.

हरणाची नव्हे ही. कारखान्यातली.
केसांना, कपड्यांना, काखांना
ताजं वाटावं म्हणून घातलेली.
बरीचशी गाळात बसते,
उरलेली, चिमूटभर,
रोजच्या रोज
तळ्यात.

गेल्या वर्षी माशाच्या चरबीत सापडली.
हरीण निदान शोधत तरी हिंडायचं.
हा मासा पोटात कस्तुरी घेऊन
नुसता पोहतो.

"हे टोक बघ, सनस्क्रीन,"
प्रयोगशाळेतला टॅनेली आलेखावर बोट ठेवतो.
"ऑक्टोबरात! सूर्य पाहिलाय का कुणी?"
हिल्का हसते. काही बोलत नाही.
ते टोक,
निदान त्यातला एक कण,
तिच्याच घरात राहतो. सोळा वर्षांचा आहे.
सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभा असतो,
कपाळावर ठिपके, मग गालांवर,
कुण्या मुलीनं व्हिडिओत दाखवलं तसे.

अकराला ती घरी पोचते.
दगड अजून गरम आहेत.
आउने दार किलकिलं करून
आपली गुलाबी बाटली आत सरकवते.
"आई, हे घे. येतोय तुला."

येतोच. केसांत, नखांत, कानामागे,
साध्या साबणाला तो दाद देत नाही.
हिल्का तीनदा डोकं धुते.
तिसऱ्यांदा तर नुसत्या सुखासाठी,
डोळे मिटून,
भेगा चुरचुरत असताना.

पांढरं पाणी पायांभोवती फिरतं,
भोकापाशी जरा रेंगाळतं,
गुडगुडतं.

इथून जाळीपर्यंत चाळीस मिनिटं.
रस्ता तिला पाठ आहे:
शाळेखालून, चर्चच्या चढाला वळसा घालून,
पंपघरात एक उसासा.

ती पाय पुसते.
सकाळचा नमुना टॅनेली घेईल.
त्याला ती सांगणार नाही.